कोकणातलं घर, परसातली ओल आणि बुजलेला चर

प्रश्न थोडक्यात असा : संगमेश्वर तालुक्यात उतारावर जुनं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर आहे. आई-बाबा तिथे राहतात, मुलगी पुण्यात. चार वर्षांपूर्वी मागचा डोंगर थोडा कापून स्वयंपाकघर वाढवलं, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, कुंपणाचा जुना दगडी गडगा काढून सिमेंटचं कंपाउंड घातलं आणि भिंतीलगत फुलझाडांचे वाफे केले. तेव्हापासून दर पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंती ओल धरतात. श्रावणात फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येतं आणि ती ओल नवरात्रापर्यंत हटत नाही. पुढच्या अंगणातही पाणी उभं राहतं. ठेकेदार आतून वॉटरप्रूफ प्लास्टर करायला सांगतोय. करावं का?

ताई, एवढ्यात करू नका. प्लास्टर वाईट असतं असं नाही, पण तुमच्या घरात त्याची पाळी शेवटी येते. चिरा पाणी पितो. बाहेरून पाणी येत राहिलं आणि आतून तुम्ही भिंतीचं तोंड बंद केलं, तर ते पाणी जागच्या जागी वाळायचं सोडून वर चढतं. आज फूटभर उंचीवर असलेली ओल दोन पावसाळ्यांत कमरेपर्यंत गेलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे. मग वरच्या जुन्या गिलाव्याला लोणा, म्हणजे पांढरा खार, लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पुन्हा नवं प्लास्टर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घराभोवतीच्या मोऱ्या, बांध आणि अंगणांची कामं करताना मला सव्वीस वर्षं झाली. ओलीच्या तक्रारीसाठी बोलावलं की मी आधी घरात जात नाही, घराला बाहेरून एक फेरी मारतो. दहातल्या आठ घरांत कारण तिथेच सापडतं.

तुमच्या वर्णनात सगळ्यात कामाची गोष्ट कोणती असेल, तर ती ओल कधी येते आणि कधी जाते ही. घराभोवती तीन प्रकारचं पाणी असतं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. पहिलं छपराचं. ते पावसाबरोबर येतं, पाऊस थांबला की पाव-अर्ध्या तासात थांबतं, आणि स्वच्छ असतं. दुसरं डोंगरावरून वाहत येणारं. ते लाल, गढूळ, पालापाचोळा घेऊन येतं आणि मोठी सर ओसरल्यावरही तास-दोन तास चालू राहतं. तिसरं जमिनीतलं, म्हणजे उपळ. ते मृगात दिसत नाही, आर्द्रातही सहसा नाही. जमीन पिऊन तुडुंब झाली की आषाढाच्या मध्यावर ते फुटतं, आणि मग चार दिवस ऊन पडलं तरी थांबत नाही. ते निवळशंख असतं. तुमच्या मागच्या खोलीत श्रावणात येऊन नवरात्रापर्यंत राहणारं पाणी हे उपळाचं आहे, याबद्दल मला फारशी शंका नाही. पुढच्या अंगणातलं पाणी मात्र छपराचं आणि वरून वाहून आलेलं. म्हणजे दुखणी दोन आहेत आणि औषधंही दोन.

उपळ का फुटतो ते समजून घ्या, कारण इथेच लोकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. आपला जांभा वरून टणक दिसला तरी आत भोकाभोकांचा असतो. पाऊस त्यातून सरळ खाली उतरतो आणि खाली पांढरट-पिवळट चिकणमातीचा थर लागला की अडतो. मग तो थर ज्या अंगाला उतरता असेल त्या अंगाला पाणी जमिनीच्या पोटातून आडवं सरकत जातं. एरवी ते खाली कुठेतरी वहाळाच्या काठाला बाहेर पडलं असतं. तुम्ही स्वयंपाकघरासाठी डोंगर कापलात, तेव्हा त्या पाण्याची वाट मध्येच उघडी पडली. आता ते कापलेल्या दरडीच्या पायथ्याशी, म्हणजे तुमच्या फरशीखाली बाहेर पडतंय. जुनी माणसं घर बांधताना मागे दरड आणि भिंत यांच्यामध्ये माणूस चालेल एवढी जागा ठेवत आणि त्यात चर ठेवत, तो यासाठीच. तुमच्याकडेही तो असणार. स्वयंपाकघर वाढवताना त्याचं काय झालं, हे बाबांना विचारा.

काही करण्याआधी एक फुकटचं काम. पाऊस जोरात असताना छत्री घेऊन घराभोवती फिरायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थांबतं ते बघायचं. बाबांनी एकट्याने परसात जाऊ नये, शेवाळावरून घसरतील. कुणीतरी तरुण माणूस बरोबर असू द्या, मोबाइलवर चित्रण करा आणि तेच चित्रण पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने, दोन तासांनी, आणि उघडीप असलेल्या दिवशी पुन्हा करा. सुक्या एप्रिलमध्ये आलेला कुठलाही कारागीर, अगदी मीसुद्धा, जे अंदाजाने सांगेल ते हे चार तुकडे नेमकं सांगतील.

पाण्याचा आकडाही मनाशी असू द्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, इतका सोपा हिशेब आहे. तुमचं छप्पर बाराशे चौरस फूट धरलं तर साधारण १११ चौरस मीटर झालं. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जुलैत नवलाचा नाही. तेवढ्यात नुसत्या छपरावरून ११ हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त. रत्नागिरीकडे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. शिवाय वरचा डोंगर तुमच्या छपरापेक्षा किती मोठा आहे ते पाहा. एवढं पाणी प्लास्टर थोपवणार नाही. त्याला घरापासून लांब न्यायला हवं.

आता मागची बाजू. इथे दोन चर लागतील, एक वर आणि एक खाली, आणि दोघांचं काम वेगळं.

वरचा चर डोंगरावरून वाहत येणाऱ्या पाण्यासाठी. कापलेल्या दरडीच्या कडेपासून निदान दहा फूट मागे, उताराला आडवा, पण एका अंगाला घसरता असा तो काढायचा. पाणी त्यात थांबता कामा नये, त्याने बाजूने वळून पऱ्याला, म्हणजे ओहोळाला, जाऊन मिळालं पाहिजे. दर दहा फुटांना दीड-दोन इंचांचा उतार द्या, आणि तळ व बाजू चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या करा. नुसता मातीचा चर खणून सोडलात तर तो पाणी वळवण्याऐवजी दरडीच्या पोटात जिरवेल आणि काम उलटं होईल. पाणी जिरवायच्या कल्पनेने घराच्या बरोबर वरच्या उतारावर सपाट तळाचे चर खणलेले मी दोन-तीन ठिकाणी पाहिले. पाणी अडवणं, जिरवणं चांगलंच आहे, ते मोकळ्या सड्यावर (कातळाच्या माळावर), शेताच्या बांधाला करा. माणसं झोपतात त्या खोलीच्या डोक्यावर नको. चर जिथे एकदम खाली उतरतो तिथे पायऱ्यांसारखे टप्पे करा, नाहीतर पाणी वेग घेतं आणि चराचा तळ उकरून काढतं.

खालचा चर उपळासाठी. दरड आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यामध्ये किती जागा राहिली आहे त्यावर तो अवलंबून आहे. चार-पाच फूट असतील तर उत्तम. भिंतीपासून शक्य तितका लांब, दरडीच्या बाजूला, दीड फूट रुंदीचा चर. त्याचा तळ तुमच्या फरशीपेक्षा निदान एक-सव्वा फूट खाली हवा, पण घराच्या पायाच्या तळापेक्षा खाली कधीही नको, नाहीतर पायाखालची मातीच ढिली होईल. चरात आधी जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं, कापड अंथरायचं, त्यावर थोडी खडी, मग भोकं पाडलेला चार इंची पाइप, भोकं खालच्या अंगाला. वर पुन्हा खडी भरायची आणि कापड दुमडून झाकायचं. खडी ४० मिलिमीटरची, काळ्या दगडाची, धुतलेली. पाइपाचं तोंड उताराच्या बाजूला उघड्यावर काढायचं, जाळी लावून, म्हणजे बेडूक, उंदीर आत जाणार नाहीत आणि पाणी येतंय की नाही ते डोळ्यांना दिसेल.

खडीबद्दल एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण माझ्या हातून ही चूक झाली आहे. लांज्याजवळच्या एका घरी खडी पोचायला उशीर होत होता, पाऊस तोंडावर आला होता, म्हणून मी चरात जांभ्याचे तुकडे भरले आणि कापडही घातलं नाही. पहिल्या पावसाळ्यात चर छान वाहिला. दुसऱ्या पावसाळ्यात जांभ्याची भुकटी आणि लाल माती मिळून त्याचा चिखल झाला, आणि गणपतीत त्यांच्या देवघरात पाणी आलं. तो चर मी स्वखर्चाने पुन्हा खणून दिला. त्यानंतर खडी नसेल तर चर तसाच उघडा ठेवतो, पण भलतं काही भरत नाही.

दरडीला पुढून भिंत बांधलेली असेल तर तिच्यात पाणी बाहेर पडायला नळ्या ठेवल्या आहेत का ते बघा. चार-पाच फुटांच्या अंतराने, तीन इंची, बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या, आणि भिंतीच्या मागे खडीचा थर. हे नसेल तर भिंतीमागे पाणी तटून राहतं आणि त्याचा दाब मातीच्या दाबापेक्षा घातक असतो. अशा भिंतीला मध्येच पोट आलेलं दिसलं तर रंगरंगोटीचा विचार सोडा आणि लगेच जाणकार अभियंत्याला दाखवा.

इथेच एक गंभीर गोष्ट. २०१४ च्या जुलैत माळीण आणि २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलेलं आपण पाहिलं. प्रत्येक ओली दरड तशी कोसळत नाही, उगाच घाबरून जाऊ नका. पण काही खुणा आई-बाबांना तोंडपाठ हव्यात : दरडीच्या वरच्या जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग पडणं, सरळ वाढलेली झाडं कलणं, रोजचं निवळ उपळ अचानक गढूळ होणं किंवा एकाएकी बंद पडणं, बंद होणारी दारं-खिडक्या अडकायला लागणं. मुसळधार पावसात यातलं एक जरी दिसलं तर सामान आवरत बसायचं नाही. त्या रात्री दुसऱ्याच्या घरी जायचं आणि ग्रामपंचायतीला व तहसीलदार कचेरीत कळवायचं. आणि दरडीच्या पायथ्याशी खणायचं काम पावसाळ्यात अजिबात करू नका. दिवाळी झाली, जमीन सुकली की सुरू करा आणि शिमग्यापर्यंत उरका. पाऊस तोंडावर असेल तर यंदा फक्त वरचं पाणी वळवा, दरडीवर ताडपत्री टाका आणि खालचा चर पुढच्या हंगामावर ठेवा.

छपराच्या पाण्याचं तुलनेने सोपं आहे. पन्हळ असेल तर तिचा उतार बघा आणि उभा पाइप कुठे सोडला आहे ते बघा. जोत्याशीच सोडलेला असेल, आणि बहुतेक घरांत तो तसाच असतो, तर अर्ध्या छपराचं पाणी तुम्ही एका कोपऱ्यात पायाला पाजताय. पाइपाचं पाणी पक्क्या मोरीत घ्या आणि ती मोरी घरापासून निदान दहा फूट पुढे न्या. पन्हळ नसेल तरी बिघडत नाही. पागोळ्या जिथे पडतात त्या ओळीत दीड फूट रुंदीची दगडांची पट्टी करा. गोटे असतील तर गोटे, नाहीतर मोठी खडी, आणि खाली उतरता पक्का तळ. जुन्या घरांचं छप्पर भिंतीच्या बाहेर बरंच येत असे, त्यामुळे पागोळी भिंतीपासून लांब पडे आणि मातीचे शिंतोडे जोत्यावर उडत नसत. नव्या बांधकामात स्लॅब भिंतीच्या बाहेर जेमतेम वीतभर येतो. तुमच्या वाढवलेल्या स्वयंपाकघराचं तसं असेल तर मागच्या भिंतीवर पत्र्याची तीन फुटांची पडवी काढा. झड लागणं थांबेल आणि सरपणही कोरडं राहील.

अंगणाबद्दल माझं मत ठाम आहे. पेव्हर ब्लॉक वाईट नाहीत, त्यांच्याखालचं काम वाईट होतं. वाळूच्या थरावर ब्लॉक बसवतात, पहिल्या दोन पावसाळ्यांत खालची भर बसते, ब्लॉक दबतात आणि उतार उलटा होतो, म्हणजे घराकडे. विशेषतः जोत्यालगतच्या दोन-तीन फुटांत, कारण पायासाठी खणलेली माती तिथेच परत भरलेली असते आणि ती सगळ्यात जास्त बसते. लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, दोघांनी दोन टोकं धरा आणि जोत्यापासून दहा फुटांपर्यंतचा उतार मोजा. मातीचं अंगण असेल तर दहा फुटांना सहा इंच, ब्लॉक किंवा फरशी असेल तर दहा फुटांना अडीच इंच, एवढा उतार घरापासून बाहेर हवा. कमी निघाला तर सगळं अंगण उखडायची गरज नाही. जोत्यालगतचा आठ-दहा फुटांचा पट्टा काढा, खाली मुरूम घालून धुमसाने नीट ठोका आणि तेच ब्लॉक पुन्हा बसवा. फटींत सिमेंट भरू नका. फटींतून थोडं पाणी जिरलं तर चालतं, आणि पुढे एखादा ब्लॉक बसला तर तेवढाच उचलता येतो.

आपल्या आजी-पणजीच्या काळात अंगण दरवर्षी नव्याने होत असे. पाऊस संपला, गवत काढलं की दिवाळीच्या सुमाराला माती टाकून, पाणी शिंपडून, चोपण्याने चोपून सारवत. त्या चोपण्यात दरवर्षी उतार आपसूक नीट होत असे, खड्डे भरले जात, कडेची मोरी मोकळी होई. कुणी त्याला पाण्याच्या निचऱ्याचं काम म्हणत नसे, पण ते तेच होतं. ब्लॉक घातल्यावर सारवण सुटलं आणि त्याबरोबर उताराची ही वार्षिक दुरुस्तीही सुटली. ब्लॉकचं अंगण सांभाळावं लागत नाही असा समज झाला आहे, तो मला मनापासून खटकतो.

कंपाउंडकडे वळू. जुना गडगा कोरड्या दगडांचा होता, पाणी त्याच्यातून झिरपून जायचं. सिमेंटचं कंपाउंड म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला घातलेला बांध. पुढच्या अंगणात पाणी उभं राहतं त्याचं निम्मं कारण हेच असणार. खालच्या बाजूच्या भिंतीत जमिनीच्या पातळीला, दर दहा-बारा फुटांवर नऊ इंची चौकोनी भोकं पाडा. त्यांना बारीक जाळी लावू नका, उभे गज लावा. बारीक जाळी फणसाच्या दोन पानांनी बंद होते. गेटमधून रस्त्याचं पाणी आत येत असेल तर गेटच्या आडवी, लोखंडी जाळीने झाकलेली मोरी करा. गावचे रस्ते दर डांबरीकरणाला दोन-तीन इंच उंच होतात आणि वीस वर्षांत अंगण रस्त्यापेक्षा खाली जातं. हे तुमच्या हातात नाही. गेटची मोरी आहे.

भोकं पाडली की खालच्या शेजाऱ्याचा प्रश्न येतो. १८८२ च्या इझमेंट ॲक्टमध्ये वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीत जाऊ देण्याची गोष्ट मान्य केलेली आहे. पण ती पसरून वाहणाऱ्या पाण्याची. तुम्ही सगळं गोळा करून एका पाइपाने त्याच्या पडवीसमोर सोडलंत तर भांडण होणार आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसेल. काम सुरू करायच्या आधी बाबांनी त्यांच्याकडे जाऊन बसावं, चहा घ्यावा, मोरी कुठून न्यायची ते दोघांनी मिळून ठरवावं. पऱ्यापर्यंतची मोरी अर्ध्या-अर्ध्या खर्चात बांधून घेणारी शेजारघरं मी पाहिली आहेत, आणि नुसत्या एका पाइपावरून पंधरा वर्षं अबोला धरलेलीही.

मोरी उघडी ठेवा. लोकांना जमिनीखालचा पाइप आवडतो, दिसायला सुबक वाटतो. पण आपल्या पावसात आणि आपल्या झाडांखाली पाइप कधी तुंबला ते कळत नाही, पाणी घरात आल्यावरच कळतं. फूटभर रुंद, नऊ इंच ते फूटभर खोल, तळाला गोलाई असलेली उघडी मोरी फावड्याने दहा मिनिटांत साफ होते. वाट ओलांडायची तिथे वर सुट्या फरश्या ठेवा, उचलता येतील अशा. पाइप घालणं भागच असेल तर सहा इंची घाला आणि प्रत्येक वळणावर व सरळ रेषेत तीस-चाळीस फुटांवर चेंबर करा.

फुलझाडांचे वाफे काढा म्हटलं की आईंना वाईट वाटेल, म्हणून सांगतो, काढू नका, सरकवा. भिंतीला टेकलेला वाफा म्हणजे भिंतीला टेकलेला ओला बोळा. कडेला विटा लावलेल्या असतात, त्यामुळे पाणी बाहेरही पडत नाही. शिवाय दरवर्षी आपण त्यात माती आणि शेणखत घालतो, वाफा चढत जातो आणि बघता बघता माती जोत्याच्या वरच्या चिऱ्याला लागते. भिंतीपासून दोन फूट मोकळे सोडा आणि जोतं बाहेरच्या जमिनीपासून दीड फूट तरी उघडं राहू द्या. सरकवताना झाडांची निवडही करा. अबोली, शेवंती यांची मुळं पाण्यात कुजतात, त्यांना उंचवट्यावर, कुंडीत ठेवा. कर्दळ, अळू आणि केळ ही पाण्याची झाडं, ती मोरीच्या शेवटाला लावा. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावायची आपली जुनी रीत अगदी बरोबर आहे.

दरडीवर वाळा, म्हणजे खसाचं गवत, लावा. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, सहा फुटांच्याही पुढे, आणि माती धरून ठेवतात. पाऊस लागला की उताराला आडव्या ओळीत, चार-सहा इंचांवर एकेक ठोंब. पहिल्या वर्षी तो काही विशेष दिसणार नाही, तिसऱ्या वर्षी त्याची हिरवी भिंत होते. दरडीवर आधीच असलेली मोठी झाडं मात्र भीतीने तोडू नका. झाड तोडलं की त्याची मुळं काही वर्षांत कुजतात आणि मातीची पकड सुटते. फार वाकलेली फांदी असेल तर ती छाटा, बुंधा ठेवा.

शौचालयाच्या शोषखड्ड्यात छपराचं पाणी सोडलेलं नाही ना, हे नक्की बघा. श्रावणात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, खड्डा आधीच भरलेला असतो, त्यात छप्पर ओतलं तर घाण उलटी येते आणि विहीर जवळ असेल तर तिच्यातही उतरते. छपराचं पाणी विहिरीला द्यायचं असेल तर गाळणीतून द्या आणि पहिले काही पाऊस बाहेर वाहू द्या. साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करायचं नाही, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) काय करतो ते घराघरांत माहीत आहे.

आता राखणीचं. हे सगळं बांधून झालं तरी ते दरवर्षी हाताखालून गेलं नाही तर तीन वर्षांत पुन्हा आजच्या जागी याल. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत पन्हळ, मोऱ्या, कंपाउंडची भोकं आणि वरचा चर साफ करणं घाला. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेपर्यंत, हे व्हायला हवं. मग मोरीच्या वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओता आणि ते खालपर्यंत न थांबता जातं का ते बघा. दुसरी सफाई पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत, कारण उन्हाळाभर डोंगरावर पडलेला पाला पहिल्या लोंढ्याबरोबर खाली येतो. मे महिन्यात साफ केलेली मोरी मृगातच तुंबते आणि लोक म्हणतात, आम्ही तर साफ केली होती. तिसरी जुलैच्या मध्यावर, आणि त्याच वेळी खालच्या चराच्या पाइपाचं तोंड बघा. उपळाचं पाणी तिथून वाहत असेल तर चर काम करतोय. फरशी ओली आणि पाइप कोरडा असेल तर चर तुंबला आहे. गडी मिळत नाही ही अडचण मला माहीत आहे. आई-बाबांच्या वयात हे त्यांच्यावर टाकू नका, वाडीतल्या एखाद्या माणसाशी वर्षाचं बोलणं करून ठेवा. प्लास्टरच्या खर्चाच्या मानाने ती रक्कम फार लहान आहे.

दिवाळीनंतर नळी लावून अंगणाचा उतार पुन्हा मोजा आणि बसलेले ब्लॉक उचलून घ्या. मागच्या खोलीच्या भिंतीवर खालपासून तीन फुटांपर्यंत पेन्सिलीने रेघा मारून ओल कुठवर आहे त्याची तारीख लिहून ठेवा. चर झाल्यानंतर एक पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भिंत सुकली की सुटलेला गिलावा खरवडा आणि तेव्हा प्लास्टरचा विचार करा. माझं ऐकाल तर सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करा, चिऱ्याच्या भिंतीला तो मानवतो.

सुरुवात मात्र बाबांपासून करा. ते त्याच घरात वाढले आहेत. लहानपणी परसातलं पाणी कुठून जायचं, चर कुठे होता, गडग्याला मोरी कुठे होती, ते त्यांच्या लक्षात असणार. संध्याकाळी फोन करून नीट विचारा आणि पुढच्या खेपेला गेलात की त्यांच्याबरोबर परसात जाऊन जागा दाखवायला सांगा. तिथे चुन्याची रेघ मारून ठेवा. दिवाळीनंतर गडी येईल तेव्हा पहिली कुदळ त्या रेघेवर पडू द्या.